फटी एकाच बाजूला

ठेकेदाराचा फोन आला तेव्हा मी बादलीत नुकतंच पाणी ओतलं होतं. नशीब, मसाला अजून कालवला नव्हता, नाहीतर त्याच्या बोलण्याच्या नादात बादलीतच दगड झाला असता. हा माणूस आधी फोटो पाठवतो आणि मग फोन करतो, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव फोटोवालाच पडलंय. आजच्या फोटोत आम्ही याआधी उरकलेल्या घराचं छत होतं, मी आणि माझ्या सासऱ्यांनी केलेलं. पांढऱ्याशुभ्र रंगावर मधोमध एक रेघ गेली होती, पट्टीने आखावी तशी सरळ. अशी भेग दोन बोर्डांच्या सांध्यावरच येते.

फोटोवाल्याचं म्हणणं असं, की बोर्ड बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी मारले, सांधे मी भरले, तेव्हा दोघांपैकी कुणाचं तरी काम कच्चं आहे. घरमालकीण त्याच्या डोक्यावर बसली होती. संध्याकाळी तो इकडे येणार, या घराचं छत गिलावा चढायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, आणि ज्याचं काम कच्चं दिसेल त्याला घरी बसवणार. मग आवाज खाली आणून म्हणाला, की त्याला विचाराल तर म्हाताऱ्याचं आता वय झालं. वय तुमचंही होतंय, असं म्हणून मी फोन ठेवला.

तोंड आहे माझं असं, काय करणार. पण बाबांना घरी बसवायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी करमत नाही म्हणून हा माणूस माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं काढतो आणि परत लावतो. त्यांना कायमचं खुर्चीत बसवलं असतं तर ते वर्षभरही टिकले नसते, आणि तोवर आम्हालाही टिकू दिलं नसतं.

खरं तर हा धंदा त्यांच्या मुलाकडे जायचा. पण माझ्या नवऱ्याला धूळ चालत नाही. बोर्डाचा एवढासा तुकडा कापला की शिंकांची माळ लागते. मग तो बेकरीत कामाला लागला. तिथे दिवसभर मैदा उडतो, तो कसा चालतो हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. अशा रीतीने सासऱ्यांची थापी सुनेच्या हातात आली. बाबांनी मला शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही, आणि मी शिकताना जवळजवळ रोज चढवला. तरी आमचं जमलं. बोर्ड त्यांचे आणि गिलावा माझा, अशी वाटणीच झाली.

आता छताचं काम बघणाऱ्याला वाटतं तेवढं सोपं नसतं. वर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, त्याला बोर्ड स्क्रूने मारायचे, एकाला एक खेटून. दोन बोर्डांत केसाएवढी रेघ राहिली तर तिच्यावर जाळीची चिकटपट्टी लावून गिलाव्याचा पातळ हात फिरवला की झालं. पण फट बोट जाईल एवढी असेल तर ती आधी पोटातून भरावी लागते. कडा चाकूने तासायच्या, धूळ ब्रशने काढायची, पाण्याचा हात द्यायचा, मग घट्ट मसाला आत दाबून बसवायचा, तो सुकू द्यायचा, आणि मग पट्टी. ज्याला घाई असते तो नुसती पट्टी मारून वरून गिलावा ओढतो. महिना-दोन महिने कुणाला काही कळत नाही. आणि बोर्डच सैल असेल तर तुम्ही सोनं भरा, भेग यायची ती येतेच.

माझं भरणं पक्कं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि बाबांचे बोर्ड पक्के असतात हे तर अख्ख्या धंद्याला ठाऊक. बाबांच्या सांध्यात साधा कागदही जात नाही, असं लोक म्हणतात. मग भेग आली कुठून? मला एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही ना, की घास घशाखाली उतरत नाही. बादली बाजूला सारली आणि मान वर केली.

या घराचे बोर्ड बाबांनी एकट्याने मारले होते. मी तेव्हा दुसरीकडे गिलावा उरकत होते. बोर्ड उचलायचा एक स्टँड आहे आमच्याकडे. त्याच्यावर बोर्ड ठेवायचा, चाक फिरवायचं, की तो छताला जाऊन टेकतो. त्यामुळे एक माणूस पुरतो. बाबा आता मागच्या अंगणात खिडकीच्या कडेच्या पट्ट्या कापत बसले होते. करवतीचा आवाज येत होता आणि मध्ये मध्ये त्यांचं गुणगुणणं.

मोठ्या खोलीचं छत मी फळीवर चढून नीट बघायला लागले तशी माझी मान दुखायची थांबली, एवढी मी चक्रावले. पहिली ओळ बघितली, सगळे सांधे घट्ट. दुसऱ्या ओळीत प्रत्येक सांध्यात माझं बोट आरामात गेलं. तिसरी पुन्हा घट्ट. चौथीत पुन्हा फटी. शेवटपर्यंत तसंच. एक ओळ सोन्यासारखी, तिच्या शेजारची कुणीतरी झोपेत मारल्यासारखी.

हे एका माणसाचं काम असूच शकत नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं. दोन माणसं असणार, एक ओळ याची, एक त्याची. बाबांनी कुणालातरी हाताशी घेतलं आणि मला सांगितलं नाही. मला जरा रागच आला. मी तडक अंगणात गेले आणि विचारलं, की मदतीला कोण होतं. बाबांनी करवत थांबवली. कुणीही नव्हतं, म्हणाले. माझ्या छताला मी दुसऱ्याचा हात लागू देईन का. मी म्हटलं, दुसरी ओळ बघितलीत का? बघितली, म्हणाले, चांगली आहे. आणि असलीच एखादी फट, तर बोर्डच वाकडे आलेत कारखान्यातून, हल्ली सगळाच आनंद आहे.

एखादी म्हणे. उरलेले बोर्ड तिथेच भिंतीला टेकवून ठेवले होते आणि काटकोन बघायचा गुण्या माझ्या कमरेला होता. एकेक कोपरा तपासला. सगळे काटकोनात, एकही वाकडा नाही. मग आत येऊन फटींतून दिसणाऱ्या सांगाड्याला दोरी धरली. पट्ट्याही सरळ. मी कारखान्याची मनातल्या मनात माफी मागितली आणि पुन्हा अंगणात गेले.

यावेळी मी वेगळा प्रश्न विचारला. ओळी मारल्या कशा, कुठून सुरुवात करून कुठे संपवल्या? बाबांना असले प्रश्न आवडतात. म्हणाले, खिडकीकडे तोंड करायचं, उजेड समोर घ्यायचा. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे. दुसरी डावीकडून उजवीकडे येताना मारायची, म्हणजे स्टँड रिकामा ढकलत परत आणावा लागत नाही. नांगर वळवतात तसं. हे सांगताना ते हातवारे करत होते, खूश होते, आणि मला उगाच भरून आलं. संध्याकाळी कोण येणार आहे हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

म्हणजे जाताना घट्ट आणि येताना ढिलं. का? मी पुन्हा फळीवर चढले आणि बोर्ड तळव्याने ठोकून बघायला लागले. बोर्ड स्क्रूने पक्का बसला असेल तर भरीव आवाज येतो, नसेल तर तो हलतो आणि थबथब वाजतो. ढिल्या ओळीतल्या बोर्डांची टोकं हलणार हे मला माहीतच होतं. हलली. पण घट्ट ओळीतलीही हलली! दिसायला सांधा झकास, पण दाबलं की एक टोक वर जायचं. तिथे स्क्रू एकतर नव्हतेच, नाहीतर पट्टी चुकवून हवेत गेले होते. दुसरं टोक मात्र प्रत्येक ठिकाणी दगडासारखं, स्क्रू एका रांगेत, डोकी एकसारखी आत बसवलेली. बाबांचं काम.

मी भराभर सगळी खोली ठोकत गेले. कुठलाही बोर्ड घ्या, एक टोक बाबांचं, एक टोक भलत्याच कुणाचं. आणि ते भलतं टोक सगळीकडे एकाच दिशेला. मग मी फळीवर बाबा उभे राहतात तशी उभी राहिले, खिडकीकडे तोंड करून. कच्चं टोक प्रत्येक वेळी माझ्या डाव्या हाताला आलं.

आता ओळींचंही कोडं उलगडलं. उजवीकडून डावीकडे जाताना नवा बोर्ड आधीच्या बोर्डाला उजव्या टोकाने खेटतो. ते टोक बाबांना नीट जमत होतं, म्हणून सांधा घट्ट. परत येताना नवा बोर्ड डाव्या टोकाने खेटायचा. तिथे फट. माणूस एकच होता. त्याच्या डाव्या हाताला असलेलं सगळं तेवढं निसटत होतं.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणी आनंद झाला. कोडं सुटलं की होतो तसला, निव्वळ डोक्याचा आनंद. एवढ्यावर थांबेन तर मी कसली. लहान खोलीची खिडकी समोरच्या भिंतीला नव्हती, बरोबर उलट्या बाजूला होती. म्हणजे तिथे बाबा मोठ्या खोलीच्या उलट तोंड करून उभे राहिले असणार. माझं म्हणणं खरं असेल तर तिथली कच्ची टोकं मोठ्या खोलीच्या उलट दिशेला, दाराच्या बाजूला हवीत. मी आत न बघता आधी मनाशी हे पक्कं केलं, आणि मग आत जाऊन ठोकलं. थबथब. दाराच्या बाजूला, सगळीच्या सगळी.

आणि मग तो आनंद कुठल्या कुठे गेला. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले. गेले काही महिने सांधे भरायला मसाला जास्त लागत होता. त्यावरून मी दुकानदाराशी भांडले होते, की तू पोत्यात कमी भरतोस. बिचारा शपथा घेत होता. बाबा डावीकडे बघत नव्हते, आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. करवत चालवत होते, फळीवर चढत होते. आणि सकाळीच ते आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, स्कूटरवरून त्यांच्या शिवणकामाच्या कारखान्यात सोडून आले होते. मी बसने आले. संध्याकाळी ते आईंना आणायला पुन्हा जाणार होते, भर गर्दीच्या वेळी, मोठा चौक ओलांडून.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते, आणि पहिला फार सोपा होता, हे कबूल करायला हवं. संध्याकाळपर्यंत वेळ होता. हलणाऱ्या टोकांना स्क्रू मारायचे, फटी भरायच्या, पट्ट्या लावायच्या. फोटोवाला आला असता, बघून गेला असता, मागच्या घरची भेग कशाने आली ते देवच जाणे, असं मी म्हटलं असतं. मी हात मारल्यावर खाली काय होतं ते कुणाच्या बापाला कळत नाही. बाबांचं काम राहिलं असतं. बाबा राहिले असते की नाही, एवढाच प्रश्न होता.

पण नुसतं सांगून बाबा ऐकणारे नव्हते. त्यांना बोर्ड वाकडे वाटले असते, पट्ट्या वाकड्या वाटल्या असत्या, फार तर मी वाकडी वाटले असते. त्यांना त्यांच्याच कामात दाखवायला हवं होतं. मला दिव्याची आठवण झाली. मोठ्या खोलीत मधोमध दिवा लागणार होता आणि त्याचं भोक पाडायचं राहिलं होतं. छताचा मध्य बाबा फीत न लावता काढतात. फळीवर उभं राहायचं, एकदा या भिंतीकडे, एकदा त्या भिंतीकडे बघायचं आणि पेन्सिलीने फुली मारायची. फीत लावून बघितलं तर फरक असतो तो पेन्सिलीच्या जाडीचा. नवीन माणसं तोंडात बोट घालतात.

मी हाक मारली. दिव्याची खूण करून द्या, म्हटलं. बाबा हात झटकत आले, फळीवर चढले, खिडकीकडे तोंड केलं. डोळे बारीक केले. उजव्या भिंतीकडे बघितलं, मग जरा डावीकडे, आणि ठाम हाताने फुली मारली. मी खाली उभी होते. मला खालूनसुद्धा दिसत होतं. फुली मध्यापासून चांगली दोन वीत उजवीकडे पडली होती.

"फीत लावू या का एकदा?" मी विचारलं.

त्यांना ते लागलं. आजवर मी असं कधी म्हटलं नव्हतं. तरी त्यांनी फितीचं टोक फुलीवर धरलं आणि मी एका भिंतीपाशी आकडा वाचला, मग दुसऱ्या भिंतीपाशी. आकडे ऐकून ते म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचले. मग मला टोक धरायला लावून ते स्वतः उतरले, स्वतः चालत दोन्ही भिंतींपाशी गेले, आणि स्वतः वाचले. फीत नवीन आहे का, असं विचारलं. नाही, म्हटलं, तुमचीच आहे. ते फळीच्या टोकावर बसले आणि बराच वेळ वर फुलीकडे बघत राहिले.

मग मी सगळं सांगितलं. फोटोवाल्याचा फोन, मागच्या घरची भेग, एक आड एक ओळी, हलणारी टोकं, लहान खोली. जितकं हळू बोलता येईल तितकं हळू बोलले, जे मला जमत नाही. मध्येच ते म्हणाले की मला दिसतं, आणि एक एक डोळा झाकून त्यांनी खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या पोत्यावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचली. खरंच दिसत होतं त्यांना. पुढे डॉक्टरांनी समजावलं, की डोळे उत्तम आहेत. डोक्यात एक बारीकशी रक्तवाहिनी कधीतरी गुपचूप बंद पडली, आणि तेव्हापासून त्यांचं लक्ष डावीकडे वळेनासं झालं. मुद्दाम मान वळवली तर सगळं दिसतं. पण वळवायची आहे हे आपणहून सुचत नाही. ज्याच्या बाबतीत हे होतं त्याला ते कळतच नाही, कारण जिकडे लक्षच जात नाही तिकडे काही उणं आहे हे त्याला समजणार कसं. त्या दुपारी मात्र आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होती ती फक्त फुली.

बाबा उठले. फळीवर चढले. आता त्यांनी अख्खं अंग डावीकडे वळवलं आणि तळव्याने बोर्डाचं टोक ठोकलं. थबथब. पुढचा. थबथब. तिसऱ्यानंतर त्यांनी ठोकणं थांबवलं. मला वाटलं आता चिडतील, किंवा म्हणतील की संपलं सगळं. मी काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते. पण ते कामाबद्दल बोललेच नाहीत.

"तुझी सासू गाडीवर मागे बसून बडबडत असते," ते म्हणाले. "टेम्पो आला. सायकल आली. बाई येतेय बघा. मी रोज ओरडतो तिच्यावर, गप्प बस म्हणतो."

मी फीत गुंडाळून ठेवली.

"सगळं डावीकडचं सांगते ती," बाबा म्हणाले. "उजवीकडचं कधीच नाही."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला दुसरीकडे बघावं लागलं. ते खाली उतरले, बादलीतल्या पाण्याने हात धुतले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी त्यांना एकटं सोडलं. हाताला काहीतरी हवं म्हणून मी सैल टोकांना स्क्रू मारायला घेतले, आणि एकेक फट चाकूने तासत गेले. पांढरी भुकटी डोळ्यांत जात होती. तेवढं बरं झालं, डोळे कशाने भरले हे कुणी विचारलं असतं तर सांगायला कारण होतं.

फोटोवाला आला तेव्हा माझं अर्धं छतसुद्धा झालं नव्हतं. फटी उघड्याच होत्या. त्याने वर बघितलं आणि खिशातून फोन काढला, फोटो घ्यायला. बाबा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. भेग माझी आहे, म्हणाले. तिथली आणि इथलीही. सुनेचं भरणं पक्कं आहे, टोक हललं म्हणून फुटलं. मला डावीकडचं कळत नाहीसं झालंय, आजच समजलं, तेव्हा बोर्ड मारायला दुसरा माणूस बघा. एवढं सगळं एका दमात, एखाद्या सामानाची ऑर्डर द्यावी तसं.

फोटोवाल्याने फोन खिशात टाकला. सकाळी हाच म्हाताऱ्याचं वय काढत होता, म्हणून मी त्याच्यासाठी चांगली चार वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. शेवटी त्याने एवढंच विचारलं, की काका, घरी कसे जाणार. बाबांनी स्कूटरची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मला स्कूटर येते, पण बाबांना मागे बसवून मी कधी चालवली नव्हती. ते मागे ताठ बसले, हात मांड्यांवर. चौकात डावीकडून गाड्या नुसत्या लोटत होत्या. बस, टेम्पो, दोन सायकली, मध्येच रस्ता ओलांडणारी एक बाई. एरवी मी यातून शिट्टी वाजवत निघाले असते. आज प्रत्येक गाडी बघताना मला वाटत होतं, ही परवाही आली असेल, कालही आली असेल, आणि कुणीतरी मागून सांगितलं असेल. सिग्नल सुटला तरी मी थांबून राहिले. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

आई कारखान्याच्या दाराशी पायऱ्यांवर उभ्या होत्या, डबा हातात, रोजच्यासारख्या. त्यांनी लांबून स्कूटर ओळखली आणि साडी सावरत खाली यायला लागल्या. मग चालवणारी मी आहे आणि बाबा मागे बसलेत, हे त्यांना दिसलं. त्या होत्या तिथे थांबल्या. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, आणि मटकन पायरीवर बसल्या.

"सुटले गं बाई," आई म्हणाल्या.

बाबा उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं. आईंनी पदराने तोंड पुसलं. दाढी करताना डावा गाल तसाच ठेवून आलात त्या दिवसापासून, म्हणाल्या. मी सांगितलं तर आरशावर खेकसलात, मग माझ्यावर, आणि दोन दिवस जेवला नाहीत. पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही. त्यानंतर आईंनी बसने जाणं सोडलं. गुडघे दुखतात, असं आम्हा सगळ्यांना सांगितलं. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं.

बाबांना हे पटकन समजेना. ते म्हणाले, तुला ठाऊक होतं आणि तू रोज माझ्या मागे बसत होतीस? माझ्याही मनात तेच आलं होतं. मुलाला सांगता आलं असतं, मला सांगता आलं असतं. किल्ली लपवता आली असती. मला जरासा रागही आला त्यांचा, खोटं कशाला बोलू.

"तुम्हाला थांबवता येत नव्हतं," आई म्हणाल्या. "मग म्हटलं, जमेल तेवढा रस्ता बरोबर तरी असावं."

बाबा त्यांच्याशेजारी पायरीवर बसले. कारखान्यातल्या बायका दोघांना वळसा घालून उतरत होत्या, एकदोघींनी काय झालं म्हणून विचारलंही. मी स्कूटर भिंतीला लावली आणि घराकडची बस कुठून मिळते ते विचारायला रस्त्यापर्यंत गेले.